खेड्यात मुलांचा शनिवार-रविवारचा नाटकाचा क्लास: कुणी चालवलाय का, मुलं पाठवलीत का?

धानपट्टा_ब्रह्मपुरी

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, मुलगी सहावीत आणि पुतण्या नववीत. दोघांनाही नाटकाचं भयंकर वेड आहे, आणि इकडे त्यात नवल नाही कारण दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होते आणि होळीपर्यंत आजूबाजूच्या गावात रात्रभर नाटकं चालतात. मुलगी पुढेच पोत्याच्या बोरीवर बसून पहाटेपर्यंत डोळा लावत नाही आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आजीचं लुगडं गुंडाळून अख्खा प्रवेश करून दाखवते, व्हिलनचं हसणं पण तीच हसते आणि हिरोईनचं रडणं पण तीच रडते. पुतण्याचं उलट, तो बोलत नाही फारसा, पण नाटक संपलं की स्टेजच्या मागे जाऊन लाईटवाल्याजवळ उभा राहतो.

नागपूरला मुलांचे वीकेंडचे नाट्यवर्ग चालतात हे माहीत आहे, पण नागपूर इथून शंभर किलोमीटरच्या वर आहे. नागभीडवरून छोटी रेल्वे होती ती ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये बंद झाली तेव्हापासून आम्ही एसटीवरच. दोन तासाच्या क्लाससाठी लेकराचा पूर्ण दिवस बसमध्ये घालवायचा हे काही पटत नाही.

आता शेजारच्या गावातला एक मुलगा नाटकाचं शिकून परत आलाय, तो म्हणतो ताई मी शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी क्लास घेतो, तुम्ही फक्त मुलं जमवा. ग्रामपंचायत समाजमंदिर द्यायला तयार आहे. पंधरा-वीस मुलं सहज होतील, सात वर्षापासून सोळा वर्षापर्यंतची.

आता माझे प्रश्न. एवढ्या वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसवायची का? क्लासमध्ये नेमकं काय झालं पाहिजे, म्हणजे मला कसं कळावं की हे चांगलं चाललंय, का नुसतं गॅदरिंगचं बसवून राहिलेत? फी किती ठेवावी? आणि घरी सासरे म्हणतात पोरीला नाटकात कायले घालतेस, त्यांना काय सांगू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज.

---

रविवारची_तालीम

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असा वर्ग घेतो, शाळेच्या एका रिकाम्या खोलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी वयाचं. सात वर्षाचं आणि सोळा वर्षाचं एकत्र अजिबात नको. लहान्यांना पाऊण-एक तास पुरे, त्यांना खेळच द्यायचे, गोष्ट ऐकायची आणि लगेच अंगाने करायची, बस. आठ ते बारा यांना दीड तास चालतो. तेरा-चौदाच्या पुढच्यांना दोन तास पण कमी पडतात कारण त्यांना बोलायचं असतं, वाद घालायचा असतो, आणि लहान पोरांसमोर ते कधीच मोकळे होत नाहीत, आपली इज्जत सांभाळत बसतात. तुमच्याकडे शनिवार दुपार आणि रविवार सकाळ असे दोन वेळ आहेतच, तर शनिवार लहान्यांना आणि रविवार मोठ्यांना द्या. शिकवणारा एकच असेल तर एका बॅचला पंधरा-सोळाच्या वर मुलं घेऊ नका, मागची मुलं नुसती बघी होऊन जातात.

क्लासमध्ये काय व्हायला पाहिजे. माझ्या मते ओळखायची खूण एकच आहे, मुलं किती बोलतात आणि मास्तर किती बोलतो. पहिल्या दिवशी हातात छापील संहिता देऊन "तू राजा, तू प्रधान, हे पाठ करून या" म्हणणारा असेल तर तो बसवतोय, शिकवत नाहीये. चांगल्या वर्गात पहिले दीड-दोन महिने संहिता दिसतच नाही. आम्ही सुरुवात करतो ती गोल करून नावांच्या खेळाने, मग आरशाचा खेळ, म्हणजे दोघं समोरासमोर, एकाने हात हलवला की दुसऱ्याने आरशासारखा तसाच हलवायचा, इतका हळू की बघणाऱ्याला कळू नये कोण पुढे आणि कोण मागे. दिसायला सोपं आहे पण घरी करून बघा, समोरच्याकडे सतत लक्ष ठेवणं मोठ्या माणसाला पण जड जातं. मग पुतळे, मग नुसत्या गिबरिशमध्ये भांडण, एकही अर्थाचा शब्द नाही आणि तरी कळलं पाहिजे की भांडण कशावरून आहे.

त्यानंतर त्यांच्याच आयुष्यातलं काहीतरी उभं करायला लावतो. आमच्याकडे सातवीतला एक मुलगा होता, कित्येक रविवार भिंतीला टेकून बसायचा, खेळात यायचा पण बोलायचा नाही. एकदा विषय दिला "कापूस विकायला गेलो". तो उठला आणि व्यापारी झाला. काही बोलला नाही, दोन बोटांनी ढिगातून कापूस ओढला, सरकी वेगळी केली, दाताखाली धरून कडक असा आवाज केला, मान हलवली, परत दुसऱ्या ढिगातून ओढला, आणि मग शांतपणे म्हणाला, "ओल हाय काका." शेतकरी झालेला पोरगा भांडायला लागला, म्हणे मशीन लावा, बारा टक्क्याच्या आत आहे, आणि हा फक्त हात झटकत होता, पुढची गाडी बोलवत होता. खोलीत एकाला हसू आलं नाही कारण प्रत्येकाच्या बापासोबत हे झालेलं आहे. हे त्याला कुणी शिकवलं नाही, तो बापासोबत गाडीवर बसून जिनिंगला गेला होता आणि बारीक पाहून आला होता. वर्गाचं काम एवढंच की त्याने पाहिलेलं बाहेर यायला जागा द्यायची.

आणि ताई एक फार महत्त्वाचं. मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. मी शहरात एका ठिकाणी पाहिलं, मुलगी "मले" म्हणाली की सर थांबवायचे, "मला म्हण" म्हणायचे, चार वेळा थांबवल्यावर ती मुलगी बोलायचीच बंद झाली. प्रमाण भाषा पण आली पाहिजे, मी नाही म्हणत नाही, एखाद्या पात्राची ती भाषा असेल तर त्या पात्रासाठी शिका, तेवढंच. पण पहिल्या दिवशी लेकराची जीभ धरली तर पुढे काहीच होत नाही.

तो शिकवणारा मुलगा कसा आहे ते एक रविवार मागे बसून बघा. खोटं नाही सांगत, अर्ध्या तासात कळतं.

---

वडसा_कंपनी

रामराम ताई. मी झाडीपट्टीतला, म्हनजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातला कलाकार, वडस्याच्या नाटक कंपनीत काम करतो, सीझनमंदी रोज नवं गाव. रविवारची तालीम वाल्या भाऊनं लय चांगलं लिवलं, मी फक्त आमच्या बाजूचं सांगतो.

तुमची पोरगी समोर बसून पायते हे सगळ्यात मोठं शिक्षन हाये पन त्यात एक धोका पन हाये. आमचं नाटक हजार-दोन हजार मानसाईसमोर शेतात मांडव घालून होते, माईक वर टांगले असते, मांगच्या मानसाले दिसाव म्हनून हात मोठे कराव लागते, आवाज चढवाव लागते. त्या जागेसाठी ते बरोबरच हाये. तेच पाहून लेकरू समाजमंदिरात वीस मानसाईसमोर बोंबलते आन घसा बसवते. म्हनून तुमच्या मास्तरले सांगा आवाजावर काम करा, पोटातून श्वास, शब्दाचा शेवट नाई गिळायचा, आन बोंबलल्याशिवाय मांगपर्यंत कसं पोचवायचं ते. तुमचा पुतन्या नववीत हाये म्हनजे त्याचा आवाज फुटून राहिला असन, त्याच्याकडून ओरडायचे सीन अजिबात करून घेऊ नका, त्या वयात घसा कच्चा असते. तो नाई बोलत म्हनता, त्याले लाईटवाल्याजवळ उभं राहाव वाटते तर राहू द्या ना. लाईट, पडदा, संगीत, मेकअप, हे सगळं नाटकच हाये. आमच्या कंपनीत ऑर्गनवाल्याशिवाय अन तबल्याशिवाय हिरोचं पद निंगत नाई.

दुसरं पाठांतराचं. आमच्याकडं प्रॉम्प्टर असते, तो वाक्य पुरवते, कारन नाटकं लय आन तालमीले दिवस कमी. पन लेकराईले प्रॉम्प्टिंगची सवय लावू नका. वाक्य इसरलं तर काय बोलाव हे त्यानंच शोधाव, तिथंच तो शिकते.

सासरेबुवाच्या बोलन्याचं सांगतो. आधी आमच्याकडं बाईचं काम मानूसच करे, लुगडं नेसून. आता आमच्या पोरी, सुना स्टेजवर उभ्या राहतात आन घर चालवतात. आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यायले २०२३ मंदी पद्मश्री भेटली, झाडीपट्टीच्या कामासाठी. हे सासऱ्याले सांगा, ते नक्की त्यायचं नाटक पायले असतीन. आन त्यायले एक दिवस वर्गावर बोलवाच, दंडार, म्हनजे आपलं जुनं नाचगान्याचं लोकनाट्य, कशी होये, त्यायच्या वेळेचे सोंग कसे राहे ते पोट्ट्याईले सांगायले. म्हातारा मानूस लय खुलते हो.

एक मातर हात जोडून सांगतो. सीझनमंदी कोनी आलं की तुमची पोरगी चांगली काम करते, एका नाटकात लहान पोरीचा रोल हाये, द्या पाठवून, तर लगेच हो म्हनू नका. रातचं जागरन, थंडी, टेम्पोनं फिरनं, हे लेकराचं काम नाई. कायदा पन हाये, २०१६ च्या बदलानंतर लेकराले कलाकार म्हनून काम करता येते पन दिवसातून पाच तासाच्या वर नाई, सलग तीन तासाच्या वर नाई, आन शाळा बुडली नाई पायजे. मी सोता माह्या पोराले सीझनमंदी नेत नाई. क्लास येगळा आन धंदा येगळा.

---

दोन_लेकरांचा_बाप_अकोट

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. नाटक चांगलंच आहे, मला विरोध नाही. पण माझ्या मुलाला मी एका वीकेंड क्लासला घातलं होतं, नाव घेत नाही. फी भरपूर, शेवटी एक दिवस हॉल भाड्याने घेऊन कार्यक्रम, त्यात प्रत्येक मुलाला दोन वाक्यं, मग सर्टिफिकेट आणि फोटोचे वेगळे पैसे. मुलगा झाड झाला होता. पूर्ण कार्यक्रमात हात वर करून उभा. घरी येऊन म्हणाला बाबा झाड काय बोलते मी विचारलं तर सर म्हणे झाड बोलत नसते.

म्हणून पैशाचं आधीच स्पष्ट करा. आणि नववीतल्या मुलाच्या बाबतीत पुढच्या वर्षी दहावी आहे हे लक्षात ठेवा. काही क्लासवाले वाढीव मार्कांचं सांगून मुलं ओढतात. दहावीला शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला यांचे वाढीव गुण असतात हे खरं, पण ते ठरलेल्या परीक्षेतून आणि मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच मिळतात, समाजमंदिरातल्या क्लासचं प्रमाणपत्र त्यात चालत नाही. कुणी मार्कांचं बोललं तर मान्यतेचा कागद मागा.

---

रविवारची_तालीम

@दोन_लेकरांचा_बाप भाऊ, झाड काय बोलते हे ज्या मुलाला विचारावंसं वाटलं त्याला नाटक आतून कळलेलं आहे. त्याला परत कुठेतरी घाला, खरंच सांगतो. आमच्याकडे असता तर त्या झाडाला अख्खा प्रवेश दिला असता.

फीचं ताई, फुकट ठेवू नका असं मी म्हणेन. फुकट ठेवलं की पालक पाऊस आला, पाहुणे आले म्हणून मुलं पाठवत नाहीत, आणि शिकवणारा पोरगा पण किती दिवस पेट्रोल घालून येणार. महिन्याला दीड-दोनशे रुपये प्रत्येकी, आणि ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेऊ नका पण हे चार लोकात बोलू नका, तुम्ही आणि मास्तर दोघांनाच माहीत असू द्या. सर्टिफिकेट, ड्रेस, फोटो यासाठी एक रुपया काढू नका. सामान काय लागतं? एक मोठी सतरंजी, दोन-चार दुपट्टे, सूप, टोपली, काठ्या, जुनी छत्री. सूप एका मुलाने कारचं स्टीअरिंग केलं होतं, दुसऱ्याने ढाल, तिसऱ्याने आईचा आरसा. विकतची प्रॉपर्टी आणली की त्यांचं डोकं चालणं थांबतं.

दहावीच्या मुलांना आम्ही दिवाळीनंतर सुट्टी देतो आणि परीक्षा झाली की परत घेतो. त्यावर पालकांची कधी तक्रार आली नाही.

---

धानपट्टा_ब्रह्मपुरी

किती छान लिहिता सगळे, खूप आभार. वडसा कंपनीवाले दादा, तुमचं वाचून सासऱ्यांना दाखवलं. खुणे यांचं नाव ऐकल्याबरोबर ते अर्धा तास कोणत्या गावात कोणतं नाटक पाहिलं तेच सांगत बसले, दंडारीत ते स्वतः पण नाचत होते हे मला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. अजून हो म्हणाले नाहीत पण "कोन शिकवते, कोनाचा पोरगा" एवढं विचारलं, म्हणजे अर्धं काम झालं असं मी समजते.

अजून एक विचारायचं राहिलं. सुरक्षिततेचं काय करावं? मुली आहेत, वयात येणाऱ्या आहेत, शिकवणारा तरुण मुलगा आहे. त्याच्याबद्दल मला काहीच शंका नाही पण गावात बोलायला तोंडं भरपूर. आणि वर्षभर कसं चालवायचं, कारण धानाच्या रोवणीच्या वेळी अर्धी मुलं बांधीवर, म्हणजे शेतात असतात.

---

गुरुकुंज_रस्ता

ताई, मी अमरावती जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे, तिवसा भागात. सुरक्षिततेचा प्रश्न विचारला ते फार बरं केलं, बहुतेक लोक लाजेने विचारतच नाहीत आणि मग काही झालं की क्लासच बंद करतात.

शंका असो नसो, नियम पहिल्या दिवसापासून आणि सगळ्यांसाठी सारखे ठेवा, मग कुणाला वाईट वाटत नाही. खोलीत कायम दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. आई लोकांनी पाळी लावून घ्यावी, शेवटी कोपऱ्यात बसावं, मध्ये बोलू नये. दार-खिडक्या उघड्या. मास्तरने मुलाला हात लावून पोझ दुरुस्त करायची नाही, करून दाखवावं किंवा तोंडी सांगावं, आणि लागलंच तर आधी विचारावं. एकट्या मुलीला "स्पेशल तालमी"ला कधीच बोलवायचं नाही. मास्तरने मुलांना खाजगी मेसेज करायचे नाहीत, जे काय असेल ते पालकांच्या ग्रुपवर. क्लास उजेडात संपला पाहिजे. आणि मुलांच्या मदतीसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर मुलांना पाठ असू द्या, मी तर त्याच नंबरवर एक छोटा प्रसंग बसवून घेते, फोन कसा करायचा, समोरून काय विचारतील, आपण काय सांगायचं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा काय आहे हे पण मोठ्या मुलांना सोप्या भाषेत सांगून ठेवावं. जागा शाळेची घ्यायची झाली तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या, समाजमंदिर असेल तर ग्रामपंचायतीकडून लेखी घ्या, तोंडी होकार सरपंच बदलला की हवेत जातो.

आता वर्षभर कसं चालवायचं. तुम्ही रोवणीला अडचण म्हणता, मला वाटतं पीकपाण्याचं वेळापत्रकच क्लासचं वेळापत्रक करा. रोवणीत महिनाभर बंद. उन्हाळ्यात ब्रह्मपुरीचं तापमान तर पेपरात येतं, पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा सकाळी सात ते साडेआठ, त्याच्या पुढे नाही, आणि मोहफूल वेचायला जाणारी मुलं असतील तर मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळ. कापणी-मळणीत मोठ्या मुलांची बॅच शनिवारी संध्याकाळी, अंधार पडायच्या आत घ्या.

आणि आपल्याकडे सण म्हणजे तयार नाटकच आहे, बाहेरून काही आणायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा तान्हा पोळा घ्या. लहान मुलं लाकडी बैल सजवून, वेष करून घरोघर जातात, प्रत्येक दारात वेगळी काकू, एक लाडाने बोलणार, एक विचारणार "कोनाचा रे तू", एक बोजारा, म्हणजे मुलांना द्यायचे पैसे किंवा खाऊ, द्यायला टाळाटाळ करणार. हाच प्रसंग लहान्यांना द्या, दर वेळी दार उघडणारं माणूस बदला, पोरांना तेच मागणं दर वेळी वेगळ्या पद्धतीने करावं लागतं. मोठ्यांना मारबत द्या. नागपूरला काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, सोबत बडगे असतात ज्यात त्या वर्षी लोकांना जे छळलं त्याचे पुतळे करतात. मोठ्या मुलांना विचारा, तुमच्या गावाचा बडग्या कोणता? आमच्या मुलांनी एका वर्षी न येणारी एसटी केली होती. बांबू आणि पोत्याची बस, आणि तिच्यामागे पाठीला दप्तर लावून धावणारे आठ जण. डेपोतले काका पण बघायला आले होते.

भुलाबाई, म्हणजे मुलींचा गाणी म्हणायचा सण, तर कानाचा अभ्यास आहे. त्यात डब्यातली खिरापत, म्हणजे खाऊ, न बघता ओळखायची असते ना, तसा आम्ही तो डबा वर्गात आणतो, एक मुलगी डबा हलवते, बाकीचे डोळे मिटून. फुटाणे का मुरमुरे का शेंगदाणे, का ओलं काही आहे म्हणून आवाजच येत नाही. ज्या मुलाला हे ऐकू यायला लागलं तो समोरच्याचा संवाद पण ऐकतो, नाहीतर नाटकातली मुलं फक्त आपल्या वाक्याची वाट बघत उभी असतात. हा खेळ मुलगे पण खेळतात, आधी लाजतात, मग सोडत नाहीत.

आमच्या भागात गाडगेबाबांचं कीर्तन म्हाताऱ्यांच्या आठवणीत असतं. बाबा सांगत कमी, विचारत जास्त, समोरच्या लोकांकडून उत्तर काढून घेत, लोक उत्तर देता देताच स्वतःशी विचार करायला लागत. मोठ्या मुलांसोबत मी हेच करून बघते, एक जण प्रश्न विचारणार, बाकी गाव होणार, आणि प्रश्न विचारणाऱ्याने उपदेशाचं एकही वाक्य बोलायचं नाही. दारूवर, लग्नाच्या खर्चावर, मोबाइलवर. पंधरा वर्षाचा मुलगा उपदेश न करता प्रश्न विचारायला शिकला तर त्याचा उपयोग त्याला कुठेही होईल.

---

दोन_लेकरांचा_बाप_अकोट

मॅडम, हे वाचून वाटलं की माझा मुलगा तुमच्या शाळेत असता तर. एक विचारतो, कार्यक्रम करायचाच नाही का मग? पालकांना काहीतरी दिसलं पाहिजे ना, नाहीतर ते म्हणणार वर्षभर काय केलं.

---

गुरुकुंज_रस्ता

करायचा ना, पण मुलांनी रचलेला. आपल्याकडे बालरंगभूमी म्हटलं की दोन गोष्टी एकत्र होतात. मोठ्यांनी मुलांसाठी केलेलं नाटक, त्याची मराठीत मोठी परंपरा आहे, मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं, १९६२ मध्ये रत्नाकर मतकरींनी बालनाट्य ही संस्था काढली, ते मुलांनी बघायचं नाटक. आणि दुसरं मुलांनी स्वतः करायचं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये मुलांसोबत काम करणारी वेगळी तुकडी सुरू केली, त्यांचा मुलांसाठी रविवारचा क्लबही आहे, तिथे भर असतो मुलांनी खेळता खेळता आपलं नाटक तयार करण्यावर. गावात आपल्याला हे दुसरं करायचंय. दर दोन-तीन महिन्यांनी पालकांना वर्गातच बोलवावं, स्टेज नाही, माईक नाही, सतरंजीवर गोल बसून पंधरा मिनिटं मुलांनी जे रचलं ते बघायचं. प्रत्येकाला काम असेल, झाडाला पण.

पुढे मुलं तयार झाली आणि त्यांनाच वाटलं तर राज्य सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची बालनाट्य स्पर्धा असते, प्राथमिक फेरी विदर्भातल्या केंद्रांवर पण होते. पण पहिल्या वर्षी मुळीच नको. स्पर्धा आली की चांगली बोलणारी चार मुलं पुढे आणि बाकीची गर्दीत, हे होतंच होतं.

---

वडसा_कंपनी

मॅडमचं शंभर टक्के बरोबर. ताई, मी उन्हाळ्यात मोकळा असतो, होळीनंतर. एखाद्या रविवारी येतो तुमच्याकडं, मोठ्या पोट्ट्याईले मेकअप आन लाईटचं दाखवतो, तुमच्या पुतन्याले खास. पैसे-बैसे काई नको, एसटीचं भाडं दिलं तरी चालते. फक्त दुपारचं बोलवू नका.

---

धानपट्टा_ब्रह्मपुरी

दादा नक्की या, जेवण आमच्याकडेच.

काल मास्तर, मी आणि अजून चार आया समाजमंदिरात बसलो. ठरलं ते सांगते. शनिवारी साडेतीन ते साडेचार लहान मुलं, रविवारी सकाळी आठ ते दहा मोठी, आणि मधल्या वयाची शनिवारी लहान्यांच्या नंतर दीड तास. फी दीडशे. दर वर्गाला एक आई, तीन महिन्याची पाळी लिहून भिंतीला लावली. लेखी परवानगीचा अर्ज ग्रामसेवकाकडे दिला. दोन पालकांनी विचारलं की डान्स पण घेणार का, त्यांना सांगितलं की नाही, आणि त्यातल्या एकीने तरी पण नाव लिहिलं. मास्तरला तुमचा झाडाचा किस्सा सांगितला तर तो म्हणे पहिल्या शनिवारी हाच विषय घेतो, गावच्या वडाने आतापर्यंत काय काय पाहिलं.

सासऱ्यांना दुसऱ्या रविवारी दंडारीवर बोलायला बोलावलंय, त्यांनी घुंगरू शोधायला माळा उपसायला घेतलाय.

---

रविवारची_तालीम

मस्त. वडाच्या विषयात एक सुचवतो, मास्तरला सांगा की वड एकाच मुलाला करू नको, पाच-सहा जणांना मिळून एक वड होऊ दे, पारंब्यांसकट. कोण कधी बोलणार हे आधी ठरवू नका. सुरुवातीला सगळे एकदम बोलतील, गोंधळ होईल, होऊ द्या, दहा मिनिटांत ते आपसातच ठरवायला लागतात. आणि सासऱ्यांच्या दंडारीचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवा, सोंगांची बोलणी विशेष करून, मोठ्या बॅचला पुढे त्यातूनच काहीतरी करता येईल. मला पण पाठवा जमलं तर, आमच्याकडची मुलं दंडार कधी पाहिलेली नाहीत.